तुतीच्या गल्लीतला ठिपक्या

आमच्या घरात लाकूड ठोकून बघणारी दोन माणसं होती. एक माझे बाबा, ते सुतार. दुसरी आत्या, बाबांची मोठी बहीण, ती बंदरावर तपासनीस. बाहेरच्या देशांतून येणारी फळं, रोपं, धान्य, लाकूड यांच्यासोबत एखादा नको तो किडा आत शिरत नाही ना, हे बघायचं तिचं काम. बाबा लाकूड ठोकायचे ते किती टिकेल हे कळावं म्हणून, आणि आत्या ठोकायची ती आत कोण राहतंय हे कळावं म्हणून. गल्लीतले लोक म्हणायचे, भाऊ सुतार आणि बहीण सुतारपक्षी. हे नाव तिच्या तोंडावर घेतलं तरी ती हसायची.

कुणाच्याही घरी गेली की खुर्चीवर बसण्याआधी ती खुर्ची उलटी करून बघायची. एका मैत्रिणीने मोठ्या हौसेनं नवं कपाट दाखवायला बोलावलं, तर हिनं कपाटाच्या पाठीमागे हात घालून चिमूटभर भुसा काढला आणि त्या मैत्रिणीच्या तळहातावर ठेवला. "मैत्री तुटली, कपाट वाचलं," असं बाबा सांगायचे. बाजारात भाजी घेताना ती प्रत्येक पान उलटं करायची, त्यामुळे भाजीवाले तिला लांबून येताना पाहूनच जुडी सोडून ठेवत.

पण हे सगळं गमतीचं झालं. ती अशी का झाली, ते तिनं मला एकदाच सांगितलं होतं. नोकरीला लागल्यावर तिची पहिली नेमणूक दूरच्या एका गावात झाली. तिथे बाहेरून आलेल्या पेट्यांमधून एक भुंगेरा शिरला होता. काळाकुळकुळीत, अंगावर पांढरे ठिपके, शरीराहून लांब मिशा. खात्यातले लोक त्याला नुसतं 'ठिपक्या' म्हणत. दिसायला इतका देखणा की पोरं काडेपेटीत घालून खेळत. त्याची मादी झाडाची साल चावून खाच करते आणि आत अंडं घालते. अळी लाकूड पोखरत पोखरत आत शिरते. बाहेरून झाड हिरवंगार दिसतं, पानं येतात, फळं येतात, आणि एका वाऱ्यात फांदी खाली येते. त्या गावात कुणी वेळेवर बोललं नाही. आत्या पोचली तोवर नदीकाठची सगळी झाडं गेली होती. "उन्हात माणसं भिंतीला पाठ लावून सावली शोधत होती," ती म्हणाली, "आणि सावली कुठेच नव्हती." मग विषय बदलला. परत कधी त्या गावाबद्दल बोलली नाही.

आमची गल्ली म्हणजे तुतीची गल्ली. दोन्ही बाजूंना तुतीची जुनी झाडं, वर फांद्या एकमेकींत गेलेल्या. फळांच्या दिवसांत खालचा रस्ता जांभळा व्हायचा, चपला चिकटायच्या, वाळत घातलेल्या चादरींचं वाटोळं व्हायचं, आणि तरीही कुणी एक फांदी तोडू द्यायचं नाही. गल्लीच्या मध्यावर बाबांचं दुकान. मागे घर, पुढे कारखाना. मी तिथेच पॉलिशचं काम करायचे, अजूनही करते. शेजारी न्हावीकाकांचं दुकान. आत्या आणि बाबा याच गल्लीत वाढले. आत्या नंतर बंदराजवळच्या दोन खोल्यांत राहायला गेली, पण सुट्टीचा दिवस आमच्याकडेच घालवायची. बाबा पन्नाशीला आले होते तरी ती त्यांना 'छोट्या' म्हणायची, आणि तिचं ऐकून सगळी गल्लीही.

त्या वर्षी झाडांना नुकतीच पालवी फुटली होती तेव्हा बंदरावर फरशीच्या पेट्या उतरल्या. दगडी फरशी जड, म्हणून पेट्याही जाडजूड लाकडाच्या. असं लाकूड आधी भट्टीत तापवून आतला जीव मारायचा आणि मग त्यावर शिक्का मारायचा, असा नियम असतो. शिक्का होता. कागद ठीक होते. आत्यानं पेटीच्या कोपऱ्याच्या खांबावर हातोडीनं ठोकलं, पुढे सरकली, आणि थांबली. परत मागे येऊन त्याच जागी ठोकलं. मग गुडघ्यावर बसून खाली बॅटरी मारली. फळीच्या खाली जाडसर भुसा पडला होता. करवतीचा भुसा असा नसतो, हा दाताने कुरतडलेला, तंतू-तंतू असलेला.

तिनं छिन्नी घेतली. लाकडाचा तुकडा उडाला आणि आतल्या बोगद्यात बोटाएवढी पांढरीफटक अळी वळवळली. तोंडाशी तपकिरी जबडा, पाय नाहीत. भट्टीत तापलेल्या लाकडात जिवंत अळी असूच शकत नाही. म्हणजे शिक्का खोटा.

पेट्या जागेवर सील झाल्या. ते तिच्या हातातलं काम होतं, तिनं ते शांतपणे केलं. पण लगेच पुढचा प्रश्न उभा राहिला. त्याच व्यापाऱ्याचा माल मागच्या वर्षीही आला होता आणि शिक्का बघून सुटलाही होता. त्या पेट्यांचं लाकूड कुठे गेलं?

ती तशीच फरशीच्या वखारीत गेली. तिथला मॅनेजर चहा पीत होता. त्यानं तिला खुर्ची दिली. ती बसली नाही.

"मागच्या वर्षीच्या पेट्या फोडल्या, त्यांचं लाकूड काय केलंत?"

"आम्ही काय करणार त्याचं? सुतार घेऊन जातात," तो म्हणाला. मग हसला. "मला काय विचारता बाई? तुमचे भाऊच तर नेतात. सगळं त्यांनीच नेलं. असं दणकट लाकूड कुठे मिळतंय, म्हणाले."

आत्या मला नंतर म्हणाली की त्या क्षणी तिला त्या माणसाच्या कपावरची माशी अगदी स्पष्ट दिसली, बाकी काही दिसेना.

ऑफिसात तिनं साहेबांना सगळं सांगितलं. साहेब सरळ माणूस, पण सावध. म्हणाले, "मग तुम्ही या प्रकरणात नको. दुसऱ्या कुणाला पाठवतो."

"पाठवा," आत्या म्हणाली. "पण माझ्यासोबत पाठवा. दुसऱ्या कुणाला माझा भाऊ एखादी फळी दाखवेल, सगळं लाकूड दाखवणार नाही. आणि आपल्याकडे वेळ नाही. ऊन तापलं की आत जे असेल ते उडायला लागेल."

दुपारी ती आली तेव्हा तिच्यासोबत गणवेशातली दोन माणसं होती. मी स्टुलाला पॉलिश लावत होते. ती नेहमी आल्या आल्या माझ्या पाठीवर थाप मारायची. त्या दिवशी मारली नाही.

"छोट्या, फरशीच्या पेट्यांचं लाकूड कुठंय?"

बाबांनी आधी तिच्याकडे बघितलं, मग त्या दोघांकडे. "मागे रचलंय. का गं? चोरीचं नाही, रीतसर घेतलंय."

"चोरीचं असतं तर बरं झालं असतं," ती म्हणाली.

मागचा ढीग त्यांनी एकेक फळी करत तपासला. दोन खांबांत बोगदे निघाले. लाकूड प्लास्टिकमध्ये गुंडाळून गाडीत चढलं. जाळायला. बाबा हाताची घडी घालून बघत राहिले. ढीग गेला तेव्हा भिंतीवर त्याच्या मागचा चौकोन तेवढा स्वच्छ राहिला होता.

"यातून काय काय बनवलंस?" आत्यानं विचारलं. "सगळं सांग. कुणाला दिलंस, कधी दिलंस."

बाबांनी सांगितलं. एका दुकानाची मांडणी, कुणाचं कोंबड्यांचं खुराडं, एक मोठा पेटारा. ती लिहून घेत होती. शेवटी तिनं पेन थांबवलं.

"बस? एवढंच?"

"एवढंच."

ती त्यांच्याकडे बघत राहिली. बाबांनी नजर वळवली नाही. "तुझी शपथ घेऊ का आता?" ते म्हणाले. आत्यानं मान हलवली आणि गाडीत बसून निघून गेली. बाबा कामाला लागले, पण रंधा नुसताच मागेपुढे चालला होता, खाली ढलपी पडत नव्हती.

मांडणी मिळाली, पेटारा मिळाला, खुराडंसुद्धा मिळालं. त्यातलं काही पोखरलेलं होतं, पण बाहेर पडल्याचं भोक कशातच नव्हतं. आत्याला जरा हायसं वाटलं. सकाळी ती आमच्याकडे यायला निघाली ती मांडणी मिळाल्याचं बाबांना सांगायला, आणि खरं म्हणजे आदल्या दिवसाचा कडवटपणा मिटवायला. गल्लीत शिरली तर न्हावीकाका दुकानासमोर झाडत होते.

"या सुतारपक्षी," ते म्हणाले. "भावाला जरा सांगा. फुकट बाक दिलं ते चांगलं केलं, पण रोज पीठ गाळतंय. मी आपला झाडतोय रोज. त्याला सांगितलं तर म्हणतो, नवं लाकूड आहे, बसेल हळूहळू."

न्हाव्याच्या दुकानासमोर, सगळ्यात जुन्या तुतीच्या खाली, बाबांनी गल्लीसाठी केलेलं बाक होतं. गल्लीतली म्हातारी माणसं दिवसभर त्यावर बसायची. हिरवा रंग दिलेला, छान गुळगुळीत केलेलं. पाय पेटीच्या खांबांचे, पण रंगाखाली ते ओळखू येत नव्हते.

मी दारातून बघत होते. आत्या बाकाजवळ गेली. त्यावर एक आजोबा पेपर वाचत बसले होते. "जरा उठता का?" असं तिनं इतक्या हळू विचारलं की त्यांनी दोनदा 'काय' म्हटलं. ते उठल्यावर तिनं बाक आडवं केलं. एका पायाच्या आतल्या बाजूला, जिथे रंग नीट पोचला नव्हता, तिथे एक भोक होतं. पेन्सिल जाईल एवढं, गोल, गिरमिटानं पाडल्यासारखं. कडा काळपट पडल्या होत्या.

म्हणजे आतला ठिपक्या बाहेर पडून गेला होता. काल-परवा नव्हे, मागच्याच उन्हाळ्यात.

तिनं वर बघितलं. वर हिरवी पालवी, कच्ची फळं, पाखरं. मी आत्याला घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. तिचा हात बाकाच्या पायावर होता आणि तो तिनं कितीतरी वेळ उचलला नाही.

मग ती कारखान्यात आली. बाबांनी सगळं पाहिलं होतं.

"तू 'एवढंच' म्हणालास."

"अगं, रंधलं होतं, तेल पाजलं होतं, वर रंग दिला होता. त्यात काय राहणार होतं?"

"ते मी ठरवायचं होतं."

"मला वाटलं, तू बाक नेशील," बाबा म्हणाले. "मग वर झाड आहे म्हणून झाडावर जाशील. मग गल्लीवर. मी ओळखतो तुला, ताई. तुला एक भोक दिसलं की तू गाव उठवतेस."

"हो," ती म्हणाली. "आणि तू मला एक दिवस उशिरा उठवायला लावलंस. साहेबांनी विचारलं तर मी हेच सांगणार आहे. तुला आधी सांगून ठेवते."

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. तिच्या हातात आत्यासाठी केलेला चहा होता. तो तिनं तसाच आत नेला.

त्याच दिवशी शिड्या आल्या. खात्याची माणसं एकेका झाडावर चढून सालीवर बोट फिरवत होती. आत्या स्वतः चढली. तिचं वय, गुडघे, सगळं विसरून. बाकाच्या समोरच्या बाजूच्या दोन झाडांवर तिला खाचा सापडल्या. सालीवर अर्धवट भरून आलेल्या जखमा, ओठासारख्या. ठिपक्याची मादी अशाच करते. पण जुन्या झाडावर पोरांचे खिळे असतात, दोऱ्या असतात, पाखरांच्या चोची असतात. नक्की काय ते झाड फोडल्याशिवाय सांगता येत नव्हतं.

नियम मात्र नक्की होता. किडा बाहेर पडला असेल तर आसपासची तो राहू शकेल अशी सगळी झाडं तोडायची. निरोगी असली तरी. म्हणजे सगळी गल्ली.

साहेब हुकमावर सही करताना म्हणाले, "खाचा असलेली झाडं आधी घ्या. त्यात काही निघालं नाही, तर लोक आपल्याला गल्लीत उभं करणार नाहीत. मी तेव्हा काम थांबवेन. मग तुम्हाला हे प्रकरण सोडावं लागेल."

"थांबवलंत आणि आत अळ्या असल्या, तर उन्हाळ्यात त्या शहरभर होतील," आत्या म्हणाली.

"म्हणून तर सही करतोय. पण अंदाजावर मी सगळी गल्ली उघडी करू शकत नाही."

ही बातमी गल्लीत कशी पोचली कोण जाणे, पण संध्याकाळी दूधवाल्यापासून सगळे आमच्या दाराशी होते. कुणी ओरडत नव्हतं. त्यापेक्षा ते ओरडले असते तर बरं झालं असतं. एक आजी, जिनं मला लहानपणी अंगाखांद्यावर खेळवलं होतं, बाबांना म्हणाली, "तू लाकूड आणलंस, आणि तुझी बहीण झाडं नेणार. तुमच्या दोघांच्या मध्ये आम्ही कुठे जायचं, छोट्या?" बाबांनी खाली बघत नखातला डिंक काढला.

सकाळी करवती आल्या. पहिलं झाड पडलं तेव्हा कच्च्या तुती रस्त्यावर सांडल्या आणि माणसांच्या पायांखाली चिरडल्या. खात्याच्या माणसांनी खाचेच्या जागी खोड फोडलं. सगळे वाकून बघत होते. आत एक जुना, गंजलेला खिळा होता. त्याभोवती लाकूड भरून आलं होतं. बाकी काही नाही. पूर्ण खोड चिरलं. स्वच्छ, पिवळं, ओलं लाकूड.

गर्दीत कुणीतरी हसलं. ते हसणं मला अजून आठवतं.

दुसरं झाड पडलं. त्याच्या खाचेखाली एक बोटभर काळा डाग होता आणि मग परत निरोगी लाकूड. "अंडं घातलं होतं, पण ते आतच मेलं असेल," आत्या म्हणाली. "असंही होतं."

"किंवा तसं काही नसेलही," न्हावीकाका म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, तेच जास्त लागलं.

साहेबांचा फोन आला. आत्या बाजूला जाऊन बोलली. परत आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. साहेब जेवणाच्या सुट्टीनंतर येणार होते आणि बहुतेक काम थांबवायलाच. तोवर लोक तिसऱ्या झाडाभोवती, बाकावरच्या त्या सगळ्यात जुन्या तुतीभोवती उभे राहिले होते. बायका पुढे, म्हातारी माणसं खुर्च्या टाकून बसलेली. करवतवाले बिडी ओढत बाजूला थांबले. आत्या त्या लोकांसमोर एकटी उभी राहून काही समजावत होती. ऐकणारं कुणी नव्हतं.

"छोट्या," न्हावीकाकांनी हाक मारली. "तू लाकडातला माणूस. तूच सांग तुझ्या बहिणीला. काय आहे यात?"

बाबा इतका वेळ कारखान्याच्या दारात उभे होते. ते आत गेले. मला वाटलं, दार लावून घेतील. पण ते कुऱ्हाड घेऊन बाहेर आले. दुसऱ्या झाडाचे ओंडके आमच्याच दारापुढे पडले होते. "बघतो," एवढंच म्हणाले.

लोकांना वाटलं, आता हा सगळं फोडून बहिणीला खोटं पाडणार. कुणीतरी 'शाब्बास' म्हणालं. मग त्यांचं लक्ष परत तिकडे, झाडाकडे आणि आत्याकडे गेलं. बाबा इकडे ओंडके फोडत राहिले. खाचेजवळचा भाग बाकीच्यांनी फोडला होता, म्हणून बाबांनी वरचे घेतले, फांद्या फुटतात तिथले. मी तुकडे बाजूला सारत होते. एक, दुसरा, आणखी एक. त्यांच्या शर्टाची पाठ ओली झाली होती.

मग कुऱ्हाडीचा आवाज बदलला. भरीव लाकडाचा असतो तसा नव्हता, जरा पोकळ. ओंडका दुभंगला. आत, फांदीच्या मुळाशी, भुशानं गच्च भरलेला बोगदा होता, आणि बोगद्याच्या टोकाला ती. पांढरी, लठ्ठ, तपकिरी तोंडाची. उन्हात आल्याबरोबर ती अंग आखडून घेत होती.

मी बाबांकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. आजूबाजूला कुणाचंच लक्ष नव्हतं. एका बोटानं ती भुशात गेली असती, टाचेखाली संपली असती. साहेब आले असते, काम थांबलं असतं, बाकावरचं झाड उभं राहिलं असतं. आणि या गल्लीत ठिपक्या कुणी आणला, हा प्रश्न कुणी कधी विचारला नसता. बाबांच्या हनुवटीवरून घामाचा थेंब त्या ओंडक्यावर पडला.

मग त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

"ताई," त्यांनी हाक मारली. मोठ्यानं. "इकडे ये. सापडली."

गर्दी वळली. आत्या आली, वाकली, भिंग काढलं, बघितलं. मग तिनं चिमट्यानं अळी उचलून काचेच्या कुपीत ठेवली. बूच दाबून लावलं.

"आणखी असतील," ती म्हणाली.

"आहेत," बाबा म्हणाले. त्यांनी बोगद्याकडे बोट केलं. "हा दोन फाटे फुटून गेलाय." मग ते लोकांकडे वळले. "हे माझ्या बाकातून आलं. बाक मी केलं. तिनं विचारलं तेव्हा मी सांगितलं नाही. तिला काही म्हणू नका, म्हणायचं ते मला म्हणा."

न्हावीकाका ओंडक्याजवळ आले, वाकून बघितलं आणि आपल्या दुकानात जाऊन खुर्चीत बसले, तोंड भिंतीकडे करून. हळूहळू म्हाताऱ्या माणसांनी खुर्च्या उचलल्या.

ती गल्ली रिकामी व्हायला काही दिवस लागले. जुन्या तुतीत सगळ्यात जास्त अळ्या निघाल्या, तिच्या खाचा उंच पानांत दडल्या होत्या. त्यातल्या काही तर सालीच्या अगदी जवळ आल्या होत्या, थोडं ऊन तापलं असतं की बाहेर. साहेबांनी स्वतः ते बघितलं. बाकी बहुतेक झाडं मात्र निरोगी होती. हेही आत्यानं कुणापासून लपवलं नाही. एका बाईनं तिला विचारलं, "माझ्या दारातल्या झाडात काही होतं का हो?" तर ती म्हणाली, "नाही. काही नव्हतं." त्या बाईनं दार लावून घेतलं. मी आत्याला म्हटलं, कशाला सांगितलंस? ती म्हणाली, "तिनं विचारलं म्हणून."

पहिला उन्हाळा वाईट गेला. कारखान्यात पत्रा इतका तापायचा की पॉलिश डब्यात घट्ट व्हायचं. न्हावीकाकांनी बाहेर कापड बांधलं, ते वाऱ्यानं दोनदा फाटलं. दोन-तीन घरांनी आमच्याकडे काम द्यायचं बंद केलं. एका सकाळी दारापुढे कुणीतरी भुशाचं पोतं रिकामं करून गेलं. आईनं ते झाडून परत भरलं. फरशीच्या व्यापाऱ्याचा माल बंद झाला, पण त्याला कुणी बघितलेलंच नव्हतं, त्यामुळे लोकांचा सगळा राग आमच्याच वाट्याला आला.

आणि बाबा आत्याशी बोलेनात. त्यांनी सगळ्यांसमोर तिची बाजू घेतली होती, तरीही. तिनं साहेबांना बाकाची गोष्ट जशीच्या तशी सांगितली होती, आधी सांगून ठेवल्याप्रमाणे. बाबांना ऑफिसात बोलावून चार माणसांसमोर विचारलं गेलं आणि पेट्यांचं लाकूड घ्यायला त्यांना कायमची मनाई झाली. चूक त्यांची होती हे त्यांना मान्य होतं. तरी बहिणीनं सांगितलं, हे काही त्यांना पचत नव्हतं. आत्या सुट्टीला यायची थांबली. पण गल्लीत यायची. दुर्बीण घेऊन आसपासच्या रस्त्यांवरचं प्रत्येक झाड बघत फिरायची. आमच्या दारावरून जाताना वेग कमी करायची आणि मग पुढे निघून जायची. मी पाणी घेऊन जायचे. ती रस्त्यातच उभी राहून प्यायची.

पुढच्या उन्हाळ्यात पलीकडच्या रस्त्यावर एका पोराला ठिपक्या सापडला. एकच, जिवंत. परत शिड्या, परत करवती. त्या वेळी लोक जमले, पण झाडाभोवती कुणी उभं राहिलं नाही. न्हावीकाकांनी तर आपल्या गिऱ्हाइकांना ठिपक्याचं काडेपेटीएवढं चित्र दाखवायला सुरुवात केली होती, असा दिसला तर मारू नका, डबीत ठेवा आणि मला सांगा, म्हणून. त्यानंतर मात्र कुठेच काही सापडलं नाही. एक उन्हाळा गेला, आणखी एक गेला. खात्यानं गल्लीत दुसऱ्या जातीची रोपं लावली, ठिपक्याला न आवडणारी. ती अजून खांद्याएवढीच आहेत.

आत्याला निवृत्त व्हायला थोडे दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. बाबांकडे एका गिऱ्हाइकानं परदेशातून आणलेली जुनी खुर्ची दुरुस्तीला दिली. बाबांनी ती उलटी केली आणि बराच वेळ तशीच धरून राहिले. मग मला म्हणाले, "मोठी प्लास्टिकची पिशवी आण. आणि चिकटपट्टी." खुर्ची गुंडाळून, पट्ट्या लावून त्यांनी खांद्यावर घेतली आणि बंदराकडे निघाले. मीही गेले सोबत.

आत्याच्या ऑफिसात बाहेर रांग होती. बाबा रांगेत उभे राहिले. शिपायानं ओळखून पुढे या म्हटलं तर नाही म्हणाले. त्यांची पाळी आली तेव्हा आत्यानं मान वर केली आणि पेन खाली ठेवलं.

"काय आहे?" तिनं विचारलं.

"पायाला भोक आहे. गोल आहे. मला काही ठीक वाटत नाही."

तिनं हातमोजे घातले, पिशवी उघडली, भोकावर बॅटरी मारली, सुई घालून बघितली. रांगेतले लोकही मान लांब करून बघू लागले. आत्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू सैल झाल्या.

"गिरमिटाचं आहे रे," ती म्हणाली. "कुणीतरी स्क्रू मारून काढलाय. तुला कळलं नाही? सुतार ना तू?"

"कळलं होतं तसं," बाबा म्हणाले. "पण खात्री नव्हती."

तिनं खुर्ची परत गुंडाळली, अगदी नीट, जशी त्यांनी आणली होती. बाबा तिथेच घुटमळत होते. मागच्या माणसानं घसा खाकरला.

"सुट्टीच्या दिवशी येणार आहेस का?" बाबांनी विचारलं. "तिनं विचारायला सांगितलंय."

आईनं काहीही सांगितलं नव्हतं. आत्यालाही ते कळलं असावं.

"बघते," ती म्हणाली, आणि पुढच्या माणसाचे कागद हातात घेतले. सुट्टीच्या दिवशी सकाळी ती आली. आईनं चहा ठेवला, बाबांनी तिच्यासाठी खुर्ची पुढे ओढली, आणि आत्यानं बसण्याआधी ती उलटी करून बघितली नाही. बाबांनीच तिच्यादेखत उलटी करून दाखवली, मग ती बसली.